पडद्यापाशी थांबलेला माणूस

डॉक्टरांचे म्हणणे असे, की रोगी आपले खरे दुखणे आत येताना सांगत नाही, बाहेर जाताना सांगतो. पाठदुखी, अपचन, डोळ्यांपुढे येणारी अंधारी अशा चार तक्रारी यथास्थित नोंदवून, नाडी दाखवून, औषधाची चिठ्ठी खिशात घालून तो उठतो, दाराच्या पडद्याला हात लावतो आणि तेथेच थांबून, तोंड पुरते न वळवता, हलक्या आवाजात म्हणतो, “आणखी एक होतं, साहेब. थोडी कमजोरी आहे.” ही कमजोरी हातापायांची नव्हे, हे इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर डॉक्टरांना विचारावे लागत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या तहसील कचेरीत उमेदीची वर्षे मिसली लावण्यात आणि दाखले देण्यात घालवून मी निवृत्त झालो, तेव्हापासून दिवेलागणीला डॉक्टरांच्या पडवीत जाऊन बसण्याचा परिपाठ पडला आहे. तेथे तिसरे येतात ते गुरुजी. आसपासच्या चार-दोन गावांत मुख्याध्यापकी करून निवृत्त झालेले, आणि ज्यांचे बाप त्यांच्या हाताखाली शिकले अशा तरुणांना अजूनही ज्यांच्यापाशी मन मोकळे करावेसे वाटते असे. त्या दिवशी मार्गशीर्षातली थंडी पडू लागली होती. बांध्यांतले धान खळ्यावर आले होते, राइस मिलची घरघर दिवसरात्र ऐकू येत होती आणि चौकात झाडीपट्टीच्या नाटकांची पत्रके लागली होती. डॉक्टरांचा दवाखाना नुकताच रिकामा झाला होता. शेवटचा जो रोगी पडद्यापाशी थांबला, तो एका अडत्याकडे दिवाणजीचे काम करणारा, शेचाळीस वर्षांचा गृहस्थ, एवढेच डॉक्टरांनी नाव न घेता सांगितले आणि गुरुजींकडे पाहून म्हणाले, “आता तुम्ही म्हणाल, हे मनाचे.”

“म्हणणारच,” गुरुजी म्हणाले. “यंदा तुडतुड्याने धान गेले. ज्याची स्वतःची चार एकर बांधी आहे, सोसायटीचे कर्ज अंगावर आहे, घरी लग्नाची मुलगी आहे आणि दिवसभर जो दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब लिहितो, अशा माणसाच्या ठायी रात्री शृंगाराला जागा उरावी तरी कोठून? इच्छा ही निश्चिंत मनाची उपज आहे, डॉक्टर. त्याला गोळी देऊ नका. त्याच्याजवळ अर्धा तास बसा.”

“त्याच्या चिंतेविषयी मला तिळमात्र शंका नाही,” डॉक्टर उत्तरले, “पण मी त्याला परत खुर्चीवर बसवून जो पहिला प्रश्न विचारला तो कर्जाचा नव्हता. मी विचारले, पहाटे जाग येते तेव्हा शरीराची अवस्था काय असते? निरोगी पुरुषाला झोपेच्या स्वप्नावस्थेत, रात्रीतून तीन ते पाच वेळा, इच्छेचा वा विचाराचा काहीही संबंध नसताना ताठरता येते. आणि ज्याला जागेपणी ती येत नाही पण झोपेत येते, त्याच्या रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि स्नायू शाबूत आहेत असे धरून चालण्यास हरकत नसते. चिंता हा जागेपणीचा सावकार आहे, गुरुजी. झोपेत तो सहसा वसुलीला येत नाही. फार खोल विषादात ही क्रियाही मंदावते, हे मी मान्य करतो. पण हा गृहस्थ म्हणाला, वर्ष उलटले, पहाटेही काही नाही. शिवाय रात्री तीनदा लघवीला उठतो आणि तळपायांना मुंग्या येतात. माझा तपास तेथेच निम्मा झाला.”

मी कुतूहलाने विचारले, की झोपेतली गोष्ट झोपणाऱ्याने कशी सांगावी. डॉक्टरांनी सांगितले, की १९८० च्या सुमारास परदेशी डॉक्टरांनी यावर एक अगदी साधा उपाय सुचवला होता: टपालाच्या तिकिटांची सलग पट्टी झोपताना त्या अवयवाभोवती चिकटवावी आणि सकाळी तिच्या टोच्यांवर ती फाटली आहे की काय ते पाहावे. आता यासाठी यंत्रे निघाली आहेत, पण ज्या गावी यंत्र नाही तेथे एक सरळ प्रश्न पुरतो. अडचण इतकीच, की तो प्रश्न विचारायला डॉक्टरही लाजतात.

गुरुजी काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले ते मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो.

“तुमच्याकडे येणारा माणूस चाळिशी उलटलेला असतो, डॉक्टर, म्हणून तुम्हांला सर्वत्र रक्तवाहिन्याच दिसतात. माझ्याकडे येतात ती वीस-पंचविशीची पोरे. गेल्या वैशाखात एकाचे लग्न झाले. घर दोन खोल्यांचे, पाहुणे अजून गेलेले नाहीत, भिंतीपलीकडे आत्या आणि मावशा जाग्या, आणि सकाळी मित्र दारात विचारायला हजर. पहिल्या रात्री जमले नाही. दुसऱ्या रात्री पहिलीची भीती घेऊन तो आत गेला, तिसऱ्या रात्री दोन्ही रात्रींची. चौथ्या दिवशी आईने त्याला वैनगंगेपलीकडच्या एका पुजाऱ्याकडे नेले. पुजारी म्हणाला, कोणीतरी याला बांधून ठेवले आहे, करणी आहे. कोंबडा लागेल, दोरा लागेल. दोरा कमरेला बांधून तो घरी आला आणि पुढे पंधरा दिवस अंगणात झोपला. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या मनात आणखी एक गोष्ट रुतून बसलेली निघाली. शाळेत असताना हाताने केलेल्या कृतीमुळे आपली धातू पातळ झाली, नस वाकडी झाली, आणि रक्ताच्या चाळीस थेंबांचा एक थेंब होतो तो आपण वाया घालवला, ही त्याची पक्की समजूत होती. पहाटेची जी खूण तुम्ही सांगितलीत ती त्याच्या ठिकाणी पूर्ण शाबूत होती. मग याला तुम्ही रक्ततपासणीला पाठवणार?”

डॉक्टर काहीच बोलले नाहीत, हे पाहून गुरुजी पुढे गेले.

“ही भीती आजची नाही, आणि केवळ आपलीही नाही. अठराव्या शतकात तिसो नावाच्या स्विस वैद्याने हस्तमैथुनाने शरीराचा क्षय होतो असे पुस्तक लिहून साऱ्या युरोपला घाबरवून सोडले होते. आपल्याकडे डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली या धास्तीला, लोक म्हणतात तेच ‘धात’ हे नाव देऊन, मनोविकारशास्त्रात दाखल केले. पण त्यांच्याही तेहतीस वर्षे आधी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले. जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, स्वतःच्या खिशाला खार लावून, त्यांनी ते मासिक चालवले. मी त्याचे जुने अंक वाचले आहेत, आणि त्यांतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग लेखांचा नव्हे, वाचकांच्या प्रश्नोत्तरांचा आहे. ज्या गोष्टी माणूस बायकोपाशी वा भावापाशी बोलू शकत नव्हता, त्या तो या गणिताच्या प्राध्यापकाला पत्राने विचारत असे, आणि ते गणितातले उदाहरण सोडवावे तितक्या निर्विकार स्पष्टपणे उत्तर देत. अशाच उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते, तरी न्यायालयाने दोनशे रुपये दंड केलाच. ज्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याला दंड होतो, तो प्रश्न लोक मग पुजाऱ्याला विचारतात. नव्वद वर्षांत आपण फार पुढे आलो आहोत असे मला वाटत नाही.”

“त्या मुलाचे पुढे काय केलेत?” मी विचारले.

“दोन दुपारी नुसते ऐकून घेतले. मग त्याला आणि त्याच्या बायकोला इतकेच सांगितले, की महिनाभर तुम्हांला संभोगाची मनाई आहे. जवळ बसा, बोला, हात हातात घ्या, पण परीक्षा द्यायची नाही. ही युक्ती माझी नव्हे. सेंट लुईसच्या मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० साली आपल्या ग्रंथात मांडलेली ही पद्धत आहे. त्यांनी ओळखले होते, की असा पुरुष आपल्याच शय्येवर प्रेक्षक होऊन बसतो. तो सहचारिणीकडे पाहत नाही, आपले शरीर आज्ञा पाळते की नाही इकडेच त्याची दृष्टी लागलेली असते. परीक्षाच रद्द केली, की प्रेक्षक उठून जातो. त्या मुलाने माझी मनाई अठराव्या दिवशी मोडली, आणि मला त्याचा आनंद आहे. पण दुसऱ्या एका मुलाने लग्नानंतर आठव्या दिवशी गाव सोडले. तो माझ्याकडे आलाच नव्हता. नुसत्या भीतीने एक संसार मोडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि म्हणून मला तुमच्या रक्तवाहिन्या दुसऱ्या क्रमांकाच्या वाटतात.”

आता डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचा स्वभाव वादात आवाज चढवण्याचा नाही. उलट विषय जिव्हाळ्याचा असला की त्यांचा आवाज उतरतो.

“गुरुजी, १९७० साली जगभरच्या डॉक्टरांची तुमच्यासारखीच श्रद्धा होती. दहातल्या नऊ रोग्यांचे हे दुखणे मनाचे असे पाठ्यपुस्तके सांगत, आणि आम्ही तेच शिकून बाहेर पडलो. माझ्या व्यवसायाच्या प्रारंभीच्या काळात एक गृहस्थ असाच पडद्यापाशी थांबला होता. वय पन्नासच्या आत, अंगाने दणकट, दिवसाला दोन बंडल विडी. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, काही नाही, मनाचे आहे, काळजी सोडा. आणि एक टॉनिक लिहून दिले. तीन वर्षांनी एका रात्री त्याच्या छातीत कळ आली, आणि चंद्रपूरला पोचण्याआधी गाडीतच तो गेला. त्याच्या शरीराने मला आगाऊ वर्दी दिली होती, गुरुजी. मी ती फाइलला लावली.”

काही क्षण मिलच्या घरघरीखेरीज काही ऐकू येत नव्हते.

“या क्रियेची रचना नीट समजावून घ्या,” डॉक्टर म्हणाले. “त्या अवयवात स्पंजासारख्या ऊतींचे दोन स्तंभ असतात. एरवी त्यांतले स्नायू आवळलेले असतात आणि रक्त जेमतेम झिरपते. मेंदूकडून वा स्पर्शाने कण्याच्या खालच्या भागातून संदेश सुटला, की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सूक्ष्म प्रमाणात निघतो. त्याने स्नायू सैल पडतात, धमन्या रुंदावतात, स्तंभ रक्ताने भरतात, आणि भरलेल्या स्तंभांच्या दाबाने परत जाणाऱ्या शिरा चेपल्या जाऊन रक्त आत कोंडून राहते. आपल्या धानाच्या बांधीत पाटाचे पाणी घेऊन खालचे तोंड बुजवावे, तसे. नायट्रिक ऑक्साइडच्या या संदेशवाहक कार्याच्या शोधाला १९९८ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत याच तक्रारीवरच्या सिल्डेनाफिल या औषधाला परवानगी मिळाली. आता पाहा, ज्या धमन्या हे पाणी आणतात त्यांचा व्यास एक ते दोन मिलिमीटर. हृदयाच्या धमन्यांचा तीन ते चार. साखर, रक्तदाब, चरबी आणि तंबाखू यांनी अस्तर खराब होते ते सगळीकडेच. पण बारीक नाली आधी बुजते. म्हणून पुष्कळांच्या बाबतीत हा दोष हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी दिसतो. बोस्टन परिसरातील चाळीस ते सत्तर वयाच्या सुमारे तेराशे पुरुषांची १९८७ ते १९८९ या काळात पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या बावन्न टक्क्यांना कमीअधिक प्रमाणात ही तक्रार निघाली. आणि मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब ज्यांना होते त्यांच्यात ती ठळकपणे अधिक होती. हे सगळे मनाचे म्हणता येईल?”

“ते अमेरिकेचे झाले,” गुरुजी म्हणाले.

“मग आपल्या मुलखाचे सांगतो. येथे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून दिलेला खर्रा दिवसभर गालात असतो, आणि खर्रा म्हणजे विडी नव्हे म्हणून निरुपद्रवी, अशी समजूत आहे. धूर नसला तरी निकोटीन तेच, आणि ते रक्तवाहिन्या आकसवते. दारू घ्या. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्या चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला गेली. कायद्याचे काही होवो, पण वर्षानुवर्षे पिणाऱ्याचे यकृत, मज्जातंतू आणि पुरुषी संप्रेरक तिन्ही खालावतात. आणि तो बहुधा याच कमजोरीवर उतारा म्हणून आणखी पितो. कुष्ठरोग घ्या. कुष्ठरोग्यांसाठी उभारलेले आनंदवन आपल्या जिल्ह्यात, तसेच सोमनाथ तर आपल्याच तालुक्यात. पण कुष्ठाचे जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतात आणि काही रोग्यांत वृषणांची हानी करतात, त्यामुळे संप्रेरक घटते, ही गोष्ट त्या रोग्यांना कोणी क्वचितच समजावून सांगितली असेल. सिकलसेल घ्या, जो आपल्या आदिवासी आणि इतर अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी अडकून कधी वेदनायुक्त ताठरता तासन्‌तास उतरत नाही. चार तासांच्या वर गेले तर ती तातडीची बाब आहे. लाजेने घरात पडून राहिलेला मुलगा विशीतच कायमचा अधू होऊ शकतो. मनाचा येथे कोठे संबंध आला? आणि औषधेही विसरू नका. रक्तदाबाच्या आणि विषादावरच्या काही गोळ्यांनी हेच होते. ते कळले तर बदलता येते, पण रोगी सांगत नाही, आपल्या मनाने गोळी बंद करतो आणि पक्षाघात ओढवून घेतो.”

नसबंदीचा विषय येथे निघाला, कारण गुरुजींच्या ऐकण्यात ‘ऑपरेशनने नामर्दी आली’ ही तक्रार वारंवार येते. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशभर सुमारे ६२ लाख पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यांतल्या कित्येक जुलमाने. त्या जुलमाची आठवण या समजुतीच्या मुळाशी आहे, असे गुरुजींचे मत. डॉक्टरांनी एवढेच सांगितले, की त्या शस्त्रक्रियेत फक्त बीज वाहून नेणारी नळी बंद होते. धमनी, मज्जातंतू, संप्रेरक यांपैकी कशालाही हात लागत नाही. या एका मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले: येथे दोष निर्माण करते ती भीती.

मी आयुष्यभर कागद वाचलेला माणूस. मला त्या क्षणी एक जुना कागद आठवला. नारदस्मृतीत विवाहप्रकरणी पुरुषाच्या अक्षमतेचे चौदा प्रकार दिले आहेत. त्यांत जन्मजात आहे, रोगाने आलेला आहे. तसाच केवळ ईर्ष्येने जागृत होणारा आहे, एका स्त्रीपाशी असमर्थ पण दुसरीपाशी समर्थ असा आहे, आणि ‘शालीन’, म्हणजे निव्वळ संकोचामुळे असमर्थ, असाही आहे. कोणते प्रकार साध्य, कोणते असाध्य, कोणाची किती काळ वाट पाहावी, याचाही तेथे विचार आहे. सुश्रुताने क्लैब्याचे, म्हणजे याच अक्षमतेचे, प्रकार सांगताना मानस क्लैब्य वेगळे काढले, आणि मर्माच्या छेदाने आलेले व जन्मजात असे दोन असाध्य ठरवले. आजच्या काळात हिंदू विवाह कायद्याखालच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानेही शारीरिक किंवा मानसिक, कोणत्याही अवस्थेने समागम अशक्य झाला तर ती अक्षमताच, असे धरले. मी दोघांना म्हटले, की ज्या वादात तुम्ही आज रंगला आहात तो स्मृतिकारांनी आणि न्यायाधीशांनी दोन्ही बाजू रुजू करून घेऊन मिटवला आहे. मिटला नाही तो भाषेतला. ‘नामर्द’ म्हणजे भित्रा आणि ‘नामर्द’ म्हणजे हा रोगी. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाच्या खचण्याला जो शब्द योजला आहे तोच ‘क्लैब्य’ वैद्यकाच्या ग्रंथांतही आहे. मधुमेह्याला आपण भित्रा म्हणत नाही, क्षयरोग्याला म्हणत नाही. येथे मात्र दुखण्याच्या नावातच निकाल लिहिलेला आहे, आणि माणूस फिर्याद गुदरण्याआधीच दोषी ठरतो.

डॉक्टर म्हणाले, की १९९२ साली अमेरिकेतल्या आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी नेमक्या याच कारणासाठी जुना शब्द टाकून ‘ताठरतेतील बिघाड’ अशा अर्थाचा शब्द स्वीकारला. मराठीत तो अजून कोणाच्या तोंडी बसलेला नाही.

आणि मग, माझ्या अपेक्षेविरुद्ध, डॉक्टरांनीच गुरुजींच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा पुढे केला. “भीती वाटली की छाती धडधडते, तळहात थंड पडतात. ते ॲड्रेनॅलिन. तेच रसायन त्या स्तंभांतले स्नायू आवळते. शरीराची योजनाच तशी आहे. वाघ समोर असताना रक्त पायांत हवे, अन्यत्र नव्हे. तुमच्या त्या मुलाच्या बाबतीत भीती मनात राहिलीच नव्हती. ती रक्तात उतरली होती. म्हणजे तुमचे कारणही शेवटी माझ्याच धमनीतून काम करते.”

“आणि तुमचा दिवाणजी?” गुरुजींनी विचारले. “त्याची साखर उद्या ताब्यात आली, तरी वर्षभर जे अपयश त्याने रोज रात्री घोकले आहे ते कोणत्या गोळीने जाणार? धमनीने सुरुवात केली असेल. पण आता तो शय्येजवळ जातानाच हरलेला असतो.”

“म्हणूनच सिल्डेनाफिल दिले तरी पुष्कळांना लागू पडत नाही,” डॉक्टरांनी कबूल केले. “ती गोळी इच्छा निर्माण करीत नाही, भय घालवीत नाही, संदेश सुटला तर तो टिकवते, इतकेच. आणि हृदयासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. दुकानातून परस्पर घेण्याची ती वस्तू नव्हे.”

बाजारातल्या वैदूंच्या तंबूंचा आणि भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातींचा विषय लांबवण्याजोगा नाही. १९५४ च्या औषधे व चमत्कारिक उपाय कायद्याने अशा जाहिरातींना मनाई आहे. तरीही त्या आहेत. शक्तीसाठी खाल्ली जाणारी जंगलातली मुसळी बिचारी कोणाचे फारसे वाईट करीत नाही. पण ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून विकलेल्या पुड्यांत सिल्डेनाफिलच चोरून मिसळलेले असते, असे अनेक देशांच्या औषध-तपासण्यांत पुन्हा पुन्हा आढळले आहे, आणि नायट्रेट घेणाऱ्या म्हाताऱ्याला ती पुडी काय करील हे वर आलेच आहे.

इतके होऊनही दोघांचा वाद मिटला असे मी म्हणणार नाही. आधी तपासणी की आधी संभाषण, यावर ते अडून राहिले. डॉक्टर म्हणत, साखर, रक्तदाब, चरबी या तीन तपासण्यांना अर्धा दिवस लागतो आणि त्यांनी प्राण वाचतो, बोलणे नंतर. गुरुजी म्हणत, बोलल्याखेरीज माणूस पडद्यामागून परत खुर्चीवर येतच नाही, मग तपासणी कोणाची करणार? माझे मत कोणी विचारले नाही, तरी देतो. चाळिशी ओलांडलेल्या, हळूहळू, सर्व प्रसंगी आणि पहाटेही ज्याची शक्ती कमी होत गेली आहे त्याच्याबाबत मी डॉक्टरांच्या बाजूचा आहे. ज्याला एकाएकी, एका विशिष्ट प्रसंगापासून, एका विशिष्ट सहवासात हे होऊ लागले आहे आणि पहाटेची खूण शाबूत आहे, त्याच्याबाबत गुरुजींच्या. पण एका बाबतीत दोघांचाही दोष मला दिसला, आणि तो मी त्यांना बोलून दाखवला. तासाभराच्या या बोलण्यात दिवाणजीची बायको एकदाही आली नाही. वर्षभर तीही त्याच खोलीत आहे. नवऱ्याचे मन आपल्यावरून उडाले, की त्याचे बाहेर कोठे आहे, की आपल्यातच काही उणे आहे, यांपैकी काय समजून ती झोपत असेल? आपल्याकडे मूल झाले नाही तर पहिला दोष तिच्या माथी येतो आणि नवऱ्याची तपासणी घराण्याच्या अब्रूखातर टळते. वास्तविक वंध्यत्व आणि ही अक्षमता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि एक असून दुसरी नसू शकते.

डॉक्टर म्हणाले, “विचारले तर बायका सांगतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी सहाशे पन्नास स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ब्याण्णव टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि जगाला प्रथम कळले, की खेड्यातली बाई इतके दुखणे अंगावर काढते. आधी कोणी विचारले नव्हते.” ते थोडे थांबून म्हणाले, “मी दिवाणजीला पुढच्या खेपेस जोडीने यायला सांगायला विसरलो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला. रक्ताचा कागद आला तेव्हा उपाशीपोटीची साखर दोनशे अठरा निघाली. रक्तदाबही वाढलेला होता, आणि या दोन्हींची त्या गृहस्थाला तोवर कल्पना नव्हती. औषध सुरू झाले, खर्रा सोडण्याची ताकीद मिळाली, आणि पंधरा दिवसांनी नवराबायको दोघे आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना पडवीत गुरुजींजवळ नेऊन बसवले व आपण आत गेले. चार महिन्यांत साखर ताब्यात आली. बाकीच्या गोष्टीची प्रगती सावकाश आहे, पूर्ण होईल असे वचन डॉक्टरांनी दिलेले नाही. पण ती बाई मला रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, की आता घरात बोलणे होते.

हा लेख वाचणाऱ्यांत कोणी असा असेल, की ज्याला पुढच्या महिन्यात पाठदुखीसाठी डॉक्टरकडे जायचे आहे आणि मनातले दुसरेच आहे, त्याला माझी हात जोडून विनंती आहे: खुर्चीवर बसताच तेच आधी सांगा, पाठीचे नंतर. आणि डॉक्टर मंडळींना विनंती ही, की त्याने नाही सांगितले तर तुम्ही विचारा.